चुलीतलं पातं

फुलीबाईवर चोरीचा आळ आला तो माझ्या एका शब्दामुळे. पुढे जे झाले त्याचा मला आजही इतका अभिमान वाटतो की ही सुरुवात गाळून टाकावी, असे लिहायला बसल्यावर दोनदा मनात आले. पण ती गाळली तर पुढचे काही समजणार नाही.

साल एकोणीसशे अडतीस. मी सारंगखेड्याच्या शाळेत मास्तर होतो. त्या हिवाळ्यात घोड्यांची यात्रा उठली आणि आठवडाभरातच तापीच्या काठावर तंबू लागले. एक बंगाली साहेब आले होते, फार जुन्या काळच्या माणसांची दगडी हत्यारे शोधायला. त्यांना मराठी येत नव्हती, मजुरांना इंग्रजी येत नव्हती, आणि गावात मॅट्रिक झालेला मी एकटा. नाताळाची सुट्टी होती, म्हणून मामलेदारांनी मला दुभाषा म्हणून देऊन टाकले. माझ्या इंग्रजीवर माझा स्वतःचा फारसा विश्वास नव्हता. पण नाही म्हणायला जे धैर्य लागते तेही नव्हते.

साहेब ज्यासाठी इतक्या दूर आले होते ते दिसायला अगदी क्षुल्लक होते. गारेची, म्हणजे चकमकीसारख्या कठीण दगडाची, पाती. बोटाच्या पेराएवढी, पातळ, दोन्ही कडांना धार असलेली. नदीकाठच्या पिवळ्या मातीत दोन पुरुष खोल गेल्यावर ती सापडत. एका खड्ड्यात तर काळ्या राखेचा थर आणि भोवती भाजलेले धोंडे लागले. हजारो वर्षांपूर्वी इथे कोणीतरी विस्तव पेटवला होता, असे साहेब म्हणाले. मजुरांनी त्या खड्ड्याला ‘जुनी चूल’ म्हणायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत त्याची नुसती ‘चूल’ झाली. सकाळी मुकादम जालमसिंग विचारायचा, “आज चूलवर कोन शे?” आणि बायका म्हणायच्या, “घरी बी चूल, इथं बी चूल.”

मजूर बहुतेक सातपुड्यातले होते. फुलीबाई अक्राणी महालातल्या, धडगावच्याही वरच्या एका पाड्यातून आली होती. वय पंचेचाळीसच्या पुढे. बरोबर तिची मुलगी गजराबाई होती, तिचे दिवस भरत आले होते. ती काम करत नसे, काठावरच्या झोपडीत आईची वाट पाहत बसे. फुलीबाईची घरची बोली पावरी. आमच्याशी ती मोडकीतोडकी अहिराणी बोले. तिचे आणि आमचे तिच्याशी झालेले बोलणे मी इथे मराठीत लिहितो, कारण तिच्या बोलीत लिहायला गेलो तर पुन्हा काही चूक करीन.

एका दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर ती बाभळीखाली वहाणेची वादी कापत बसली होती. साहेब शेजारून गेले आणि थबकले. तिच्या हातात दगडाचे पाते होते. चार बोटे लांब, सरळ, एका अंगाने पांढरे आणि दुसऱ्या अंगाने पिकल्या बोरासारखे लाल. आम्हाला आठ-दहा दिवसांत जे काही सापडले होते ते सगळे त्याच्यापुढे ओबडधोबड वाटावे, असे.

साहेबांनी ते दोन बोटांत धरून उजेडाकडे केले. मग ते मला म्हणाले, “विचारा तिला, हे तिने कुठून काढले?”

मी विचारले, “फुलीबाई, हे कुठून काढलंस?”

“चुलीतून,” ती म्हणाली.

त्या राखेच्या खड्ड्यासाठी साहेब इंग्रजीत जो शब्द वापरत तोच माझ्या तोंडात आला. मी तो उच्चारला. साहेबांचा चेहरा एकदम उतरला. रागावण्याआधी त्यांना वाईट वाटले असावे, असे मला अजून वाटते.

“म्हणजे खड्ड्यातून काढले आणि ठेवून घेतले,” ते म्हणाले. “किती दिवस झाले?”

मी विचारले. ती म्हणाली, “पाच दिवस. का?”

तेही मी जसेच्या तसे सांगितले.

जालमसिंग पुढे आला. तो आमच्याच भागातला, अंगाने उंच, मिशा राखणारा. मजुरांवर ओरडणे हेच आपले काम अशी त्याची समजूत होती. “मास्तर, मी तं पहिलंच सांगेल व्हतं,” तो म्हणाला. “हाई बाई भोळी दिखस, पन भोळी नही. चोर शे.”

‘चोर’ हा शब्द फुलीबाईला माझ्या भाषांतराशिवाय समजला. ती उठून उभी राहिली. “मी केलंय ते,” ती म्हणाली. “माझ्या हातानं. गजरासाठी करायचंय, त्याआधी हात बसवायला.”

मी हेही सांगितले. साहेब मान हलवत म्हणाले, “अशी पाती करणे माणूस हजारो वर्षांपूर्वी विसरला. लोखंड आल्यावर हे कोण करील? तिला सांगा, खोटे बोलून आणखी वाईट होईल.”

त्यांनी पाते कापसात गुंडाळून पेटीत ठेवले आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळी शहाद्याच्या फौजदाराला मराठीत पत्र लिहायला सांगितले. फुलीबाईला झोपडी सोडून जायची मनाई झाली. बायकांनी तिच्याशी बोलणे बंद केले नाही, पण आवाज खाली आणला. मी जाताना ती एवढेच म्हणाली, “मास्तर, मला तिकडे नेलं तर गजराजवळ कोण?”

मी घराकडे चालू लागलो.

त्या दिवसांत माझे वडील माझ्याकडे होते. नंदुरबारला आमचे घर अकीक घडवणाऱ्यांचे. पणजोबा खंभातहून आले, तेव्हापासून घरात दगड फोडून मणी करण्याचे काम. अब्बांना, म्हणजे शब्बीरभाईंना, सगळा तालुका ओळखे. यात्रेत ते घोड्यांच्या गळ्यातल्या माळा विकायला येत आणि नंतर दहा-पंधरा दिवस माझ्याकडे राहत. मी त्यांचा एकुलता मुलगा. त्यांच्या ठिय्यावर मी कधी बसलो नाही, पुस्तके घेऊन बसलो. ते कधी त्याबद्दल बोलले नव्हते, आणि ते न बोलणे मला जास्त टोचे.

संध्याकाळी जेवताना मी त्यांना पात्याची हकिगत सांगितली. पाते किती सरळ होते, ते लाल अंग, त्याला कशी तेल लावल्यासारखी चमक होती.

अब्बांचा घास हातातच राहिला. “चमक व्हती?” त्यांनी विचारले. “ओली नही ना? कोरडी चमक?”

“कोरडी.”

“मंग ती शेकेल गार शे. आनि नवी शे. मातीमा पडेल दगडनी चमक मरी जास.” आमच्याकडे फोडायचा दगड आधी मडक्यात घालून, राखेत पुरून, गोवऱ्यांच्या मंद धगीवर शेकतात, हे मी लहानपणापासून पाहिले होते. शेकल्याने गार लाल होते आणि फोडताना लोण्यासारखी निघते. ज्या घरात हे रोज होई त्या घरात वाढून मला ते सुचले नव्हते.

“नासिर,” ते म्हणाले, “ती म्हननी चूलमातून काढं. तू तिले इचारं का, कोनती चूल?”

मी विचारले नव्हते. ‘चूल’ हा शब्द ऐकून मला रोज ज्या खड्ड्याच्या नोंदी करत होतो तोच आठवला. त्या बाईला चूल म्हणताच जी आठवणार ती मला आठवली नाही.

सकाळी आम्ही दोघे गेलो. साहेब तंबूबाहेर चहा घेत होते, टेबलावर कोरा कागद आणि दौत माझ्यासाठी मांडून ठेवली होती. मी ती बाजूला सारली. मला वाटते, आयुष्यात कोणाच्या टेबलावरची वस्तू मी न विचारता हलवली ती तेव्हाच. “साहेब, माझ्याकडून चुकीचे भाषांतर झाले,” मी म्हणालो. “एक प्रश्न मी विचारायलाच हवा होता.”

आम्ही झोपडीकडे गेलो. गजराबाई दाराशी पाय पसरून बसली होती. अब्बांनी फुलीबाईला विचारले, “बाई, कोणत्या चुलीतून काढलंस?”

तिने त्यांच्याकडे असे पाहिले की जणू त्यांनी तिचे नाव विसरून पुन्हा विचारले. “माझ्या. जिच्यावर भाकरी करते.” मग ती आत गेली, तीन दगडांच्या त्या चुलीतली राख हाताने बाजूला केली, खालची माती उकरली आणि मुठीएवढ्या तीन गारा काढून आमच्यापुढे ठेवल्या. एकेक लाल झालेली, अजून कोमट. “चार दिवस झाले,” ती म्हणाली. “आणखी एक दिवस राहिल्या असत्या तर बरं होतं.”

अब्बांनी एक गार गालाला लावली आणि हसले. ते हसणे मी ओळखत होतो. चांगला माल हातात आला की ते तसे हसत.

साहेब मात्र अजून राजी नव्हते. भाजलेले दगड म्हणजे पाते नव्हे, ते म्हणाले. करता येते तर तिने सगळ्यांसमोर करून दाखवावे.

मी तिला सांगितले. “दाखवते की,” ती म्हणाली. “पण त्यालाही बोलवा.” तिने जालमसिंगकडे हनुवटीने खूण केली. “आणि सगळ्यांना. काल ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांना.”

चाळीस माणसे बाभळीभोवती जमली. फुलीबाईने खाली गोणपाट अंथरले आणि पाय लांब करून बसली. झोपडीतून तिने दोन वस्तू आणल्या होत्या: सांबराच्या शिंगाचे वीतभर टोक आणि खैराच्या लाकडाची आखूड मोगरी. तिने पहिली गार उचलली, नखाने वाजवली, कानाशी नेली. “ही मेलीय,” म्हणून फेकून दिली. दुसरी वाजवली. ती खणखणली.

“वा,” जालमसिंग म्हणाला, “आते दगड बोलाले लागनात.”

“तुझ्यापेक्षा बरं बोलतात,” ती वर न पाहता म्हणाली. बायका हसल्या.

एका जड धोंड्याने तिने गारेचे डोके उडवले. वर सपाट जागा तयार झाली. मग बाजूने थोडेथोडे टवके काढून उभा कणा केला, वरपासून खालपर्यंत सरळ. अब्बा माझ्या कानाशी कुजबुजत होते. “कनाले पकडीन जाई पातं. कना सीधा तं पातं सीधं.” मी साहेबांना इंग्रजीत सांगत होतो आणि साहेबांनी वही काढली होती.

तिने दगड दोन्ही तळपायांत घट्ट धरला. डाव्या हाताने शिंगाचे टोक सपाट जागेच्या अगदी काठावर टेकवले, उजव्या हाताने मोगरी मारली. तुकडा उडाला. तो अर्ध्यातच मोडला होता, नखाएवढा.

गर्दीतून आवाज आला. जालमसिंगने मिशीवर हात फिरवला. साहेबांची पेन्सिल थांबली. मला वाटले की आपण पुन्हा एकदा या बाईला गोत्यात आणले.

फुलीबाईने तुकडा पाहिला, दगड पाहिला, आणि खडबडीत धोंड्याने सपाट जागेची कडा घासायला लागली. शांतपणे, भांडे घासावे तशी. अब्बांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. “बरोबर,” ते म्हणाले. “कड कच्ची व्हती. कच्ची कड मार खास नही, मोडी जास.”

तिने शिंग पुन्हा टेकवले, पहिल्यापेक्षा किंचित आत, किंचित तिरके. मोगरी पडली. या वेळी आवाजच वेगळा होता, काचेच्या बांगड्या एकमेकींना लागाव्यात तसा. गोणपाटावर एक पाते पडले. चार बोटे लांब. सरळ. इतके पातळ की त्यातून खालच्या गोणपाटाचे धागे दिसत होते.

तिने दगड किंचित फिरवला, पहिल्या पात्याने मागे जे दोन कणे सोडले होते त्यांपैकी एकावर शिंग नेले आणि दुसरे पाते काढले. मग तिसरे. एकातून दुसऱ्याची वाट तयार होत होती. सात पाती निघाली तेव्हा दगड अंगठ्याएवढा उरला होता आणि त्याच्या चारी बाजूंनी उभ्या पन्हाळ्या दिसत होत्या. साहेब गुडघ्यांवर बसले. तो उरलेला गाभा त्यांनी उचलला, तंबूतून खड्ड्यातला एक जुना गाभा मागवला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले. मी सांगू नये, पण त्यांचे डोळे भरले होते.

अब्बांना राहवले नाही. ते तिच्याजवळ उकिडवे बसले. “बाई, आमच्यात उलटं आहे,” ते म्हणाले. “लोखंडाचा खिळा जमिनीत, दगड त्याच्यावर टेकवायचा, आणि वरून शिंगाच्या हातोडीनं मारायचं. तुमचं शिंग दगडावर, आमचं शिंग हातात.”

“करून बघा,” ती म्हणाली आणि तिसरी गार पुढे केली.

अब्बांनी तळपायांत गार धरली, शिंग टेकवले, मारले. गार सरळ दोन तुकड्यांत फुटली.

“माळांचा माणूस,” फुलीबाई म्हणाली, आणि गजराबाईसकट सगळे हसले. सगळ्यांत जास्त अब्बा.

“चाळीस वर्षं दगड गोल केला,” ते उठताना म्हणाले. “लांब करायला हात वेगळा लागतो.” अब्बांनी दुसऱ्याचा हात आपल्यापेक्षा चांगला म्हटलेला मी तेवढाच एकदा ऐकला. ते ऐकताना मला त्यांचा जितका अभिमान वाटला तितका त्यांच्या कुठल्याही माळेने वाटला नव्हता.

साहेबांनी एका पात्याने कागद कापला. कागद आवाज न करता वेगळा झाला.

जालमसिंगला माघार घेता येत नव्हती. “कागद तं नखखाल बी फाटस,” तो म्हणाला. “हाई धार नही.”

“मग गाल आण,” फुलीबाई म्हणाली.

हशा इतका झाला की मुकादमाला बसावेच लागले. गावाचा न्हावी आठवड्यातून एकदा येई, त्यामुळे जालमसिंगच्या गालांवर पाच-सहा दिवसांचे खुंट होते. फुलीबाईने परक्या पुरुषाच्या तोंडाला हात लावला नसता. पाते तिने अब्बांना दिले. अब्बांनी तांब्यातले पाणी त्याच्या गालांना लावले, हनुवटी वर केली आणि पाते फिरवले. खुंट पाण्याबरोबर खाली आले. एकदाही रक्त आले नाही. जालमसिंग डोळे मिटून, मिशा घट्ट आवळून बसला होता.

“मिशा राहू दे, चाचा,” फुलीबाई अब्बांना म्हणाली. “चोर तोंडानं म्हणाला, मिशांनी नाही.”

दाढी झाल्यावर जालमसिंगने दोन्ही गालांवरून तळहात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग उठून तो तिच्यासमोर गेला. “बाई, मन्हं चुकनं,” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या सगळ्यांना ऐकू गेला.

साहेबांनी पेटीतले तिचे पाते परत दिले. ते तिने घेतले नाही. त्याने वादी कापली होती. गजरासाठी कोरे लागते, ती म्हणाली. बाळाची नाळ कापायला ज्याने आधी काहीच कापलेले नाही असे पाते हवे. लोखंडाने काय काय कापलेले असते कोणाला माहीत. तिच्या आईने, कौसाबाईने, तिला हे शिकवले, आणि तिच्या आईने कौसाबाईला. सातातले एक उचलून तिने पदरात बांधले. साहेबांनी हे सगळे लिहून घेतले. या वेळी मी प्रत्येक वाक्य तिला परत वाचून विचारत होतो आणि ती “हां” म्हणेपर्यंत पुढे जात नव्हतो. साहेबांना त्याचा कंटाळा आला असेल. मी थांबलो नाही.

दाढीचे पाते संग्रहालयात जायचे ठरले. त्याच्या डबीत घालायची चिठ्ठी मी लिहिली. साहेबांच्या बाकीच्या चिठ्ठ्यांवर नुसते आकडे असत. हिच्यावर मी मराठीत आणि इंग्रजीत लिहिले: ‘गारेचे पाते. चुलीत शेकून, शिंगाने काढलेले. करणारी फुलीबाई, कौसाबाईची मुलगी, अक्राणी महाल. या पात्याने मुकादम जालमसिंग यांची दाढी केली.’

“दाढीनं नका लिखू, मास्तर,” जालमसिंग म्हणाला.

“ते राहू दे,” फुलीबाई म्हणाली. “आणि मोठ्यानं वाच.”

वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नसे. मी बाभळीच्या उंच मुळावर उभा राहिलो आणि चिठ्ठी वाचली. मागच्या बायकांना ऐकू गेले नाही, म्हणून तिने मला पुन्हा वाचायला लावले, आणि मी पुन्हा वाचले.